‘याला पळू द्यायचं का, डॉक्टर?’ – बौद्धिक दिव्यांगांच्या क्रीडास्पर्धांचा इतिहास

काही वर्षांपूर्वी एक आई आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आली होती. मुलाला डाउन सिंड्रोम होता. आईच्या हातात विशेष शाळेने दिलेला छापील फॉर्म होता. जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेत ५० मीटर धावण्यासाठी डॉक्टरांचे फिटनेस सर्टिफिकेट हवे होते. “याला पळू द्यायचं का, डॉक्टर?” एवढेच त्यांनी विचारले.

मुलाच्या छातीवर मधोमध शस्त्रक्रियेचा जुना व्रण होता. दीड वर्षाचा असताना त्याच्या हृदयातले छिद्र बंद केलेले होते. मी व्रण पाहिला, स्टेथोस्कोप लावला आणि म्हणालो, “कशाला उगाच धोका घेता ताई? त्याला काय कळणार आहे, पहिला कोण आला ते!” फॉर्मवर मी सही केली नाही. आई काही न बोलता उठल्या. मुलगा नवे कोरे पांढरे बूट घालून आला होता, हे मला तो दाराबाहेर पडताना दिसले.

माझ्या त्या एका वाक्यात दोन चुका होत्या. एक वैद्यकीय आणि दुसरी माणूस म्हणून केलेली. गंमत अशी की या दोन्ही चुका माझ्या आधी जगभरातल्या डॉक्टरांनी अनेक वर्षे केल्या होत्या, आणि त्या कशा दुरुस्त झाल्या याचा एक चांगला लांबलचक इतिहास उपलब्ध होता. मी तो वाचलेला नव्हता. तो आज तुम्हाला सांगतो.

आधी थोडे शब्दांविषयी

आपल्याकडे पूर्वी ‘मतिमंद’ हा शब्द सर्रास वापरला जायचा, अजूनही अनेक जुन्या पाट्यांवर तो दिसतो. आता ‘बौद्धिक दिव्यांग’ किंवा ‘बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती’ असे म्हणतात. अमेरिकेतही जुना शब्द केंद्रीय कायद्यांतून २०१० साली काढला गेला. शब्द बदलल्याने आजार बदलत नाही हे खरे, पण समोरच्याकडे पाहण्याची नजर थोडी बदलते.

वैद्यकीय भाषेत बौद्धिक अक्षमता म्हणजे तीन गोष्टी एकत्र असणे. बुद्ध्यंक साधारण ७० किंवा त्यापेक्षा कमी असणे. रोजच्या जगण्यातली कामे, म्हणजे पैशांचा हिशेब, प्रवास, लोकांशी बोलणे-वागणे, स्वतःची काळजी, यांत वयाच्या मानाने मागे असणे. आणि हे सगळे वाढीच्या वयातच सुरू झालेले असणे. साधारण १०० माणसांमागे १ ते ३ जणांमध्ये हे आढळते आणि त्यातल्या बहुतेकांची अक्षमता सौम्य असते. हा मानसिक आजार नव्हे. वेड तर नव्हेच नव्हे. आणि तो औषधाने ‘बरा’ होत नाही, म्हणून कोणी तसे आश्वासन देत असेल तर सावध राहा.

एका बहिणीची गोष्ट

या इतिहासाची सुरुवात एका श्रीमंत आणि सत्ताधारी घरात होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी तुम्हाला माहीत आहेत. त्यांची धाकटी बहीण रोझमेरी हिचा जन्म १९१८ सालचा. ती इतर भावंडांपेक्षा उशिरा चालू लागली, लिहिणे-वाचणे तिला जड जायचे. पण ती पोहायची, नाचायची, होडीतून फिरायची. वडील इंग्लंडमध्ये राजदूत असताना तिला लंडनच्या राजदरबारातही नेण्यात आले होते.

वयाच्या विशीनंतर तिची चिडचिड वाढली. घरातून निघून जाणे, संतापाचे झटके येणे सुरू झाले. तेव्हा एक ‘आधुनिक’ शस्त्रक्रिया गाजत होती. तिचे नाव लोबोटॉमी. कवटीला भोके पाडून मेंदूच्या पुढच्या भागाचे धागे कापायचे, म्हणजे माणूस शांत होतो, असा दावा होता. १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये वडिलांच्या निर्णयाने २३ वर्षांच्या रोझमेरीवर ती करण्यात आली. ती ‘शांत’ झाली, पण तिचे चालणे गेले, बोलणे जवळजवळ गेले. उरलेले सारे आयुष्य तिने संस्थांमध्ये काढले. २००५ साली, ८६ व्या वर्षी तिचा मृत्यू झाला.

हे कुणा भोंदूने केले नव्हते, हे लक्षात घ्या. ते नामवंत डॉक्टर होते. लोबोटॉमीची पद्धत शोधणाऱ्या पोर्तुगीज डॉक्टरांना १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या व्यवसायाची खात्री किती ठाम असते आणि कधी कधी किती चुकीची असते, याचे हे उदाहरण मी स्वतःसाठी जपून ठेवले आहे.

रोझमेरीची एक धाकटी बहीण होती, युनिस. लहानपणी ती रोझमेरीला पोहायला, होडी चालवायला सोबत न्यायची. आपल्या बहिणीला काय काय येत होते, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. १९६२ साली युनिस केनेडी श्रायव्हर यांनी एका खपाच्या साप्ताहिकात लेख लिहून, आपल्या घरात अशी एक बहीण आहे हे जाहीरपणे सांगितले. त्या काळात अशी मुले घराच्या मागच्या खोलीत किंवा गावाबाहेरच्या संस्थेत लपवली जात. राष्ट्राध्यक्षांच्या घरानेच हे बोलून दाखवले, तेव्हा हजारो आईबापांना तोंड उघडायला बळ मिळाले.

अंगणातले शिबिर

त्याच वर्षी जून महिन्यात युनिस यांनी मेरीलँडमधल्या आपल्या घराच्या विस्तीर्ण आवारात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरवले. पहिल्या वर्षी सुमारे ३५ मुले होती. शाळा-कॉलेजातली तरुण मुले स्वयंसेवक म्हणून बोलावली होती, साधारण एका मुलामागे एक. पोहणे, चेंडू खेळणे, घोड्यावर बसणे, असे साधेच खेळ. युनिस स्वतः पाण्यात उतरून मुलांना पोहायला शिकवत.

एका आईने किंवा बहिणीने आपल्या घरच्या माणसासाठी सुरू करायचे आणि पुढे त्याची संस्था व्हायची, ही वाट आपल्यालाही अनोळखी नाही. मुंबईत १९४४ साली जय वकील यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी घरातच जी शाळा सुरू केली, ती आज शेकडो मुलांची शाळा झाली आहे. म्हणजे अमेरिकेतल्या त्या अंगणाच्या १८ वर्षे आधी.

‘जमत नाही’ आणि ‘करू दिले नाही’

आता माझ्या पहिल्या, म्हणजे वैद्यकीय चुकीकडे येऊ.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला टोरांटोमध्ये डॉ. फ्रँक हेडन हे संशोधक अशा मुलांच्या शारीरिक क्षमतेचा अभ्यास करत होते. त्यांनी मुलांची ताकद, दम, लवचिकपणा मोजला. निकाल असा आला की ही मुले त्यांच्या वयाच्या इतर मुलांच्या तुलनेत जेमतेम निम्मी तंदुरुस्त होती. तोपर्यंत सगळ्यांचा समज असा होता की बुद्धी कमी म्हणजे शरीरही कमी, दोन्ही एकाच पोत्यातले. पण हेडन तिथे थांबले नाहीत. त्यांनी मुलांना नियमित व्यायाम दिला. मुले तंदुरुस्त होऊ लागली!

म्हणजे निम्मी तंदुरुस्ती ही अक्षमतेची देणगी नव्हती. ती बसवून ठेवण्याची देणगी होती. शाळेत पी.टी.च्या तासाला या मुलांना सावलीत बसवले जायचे, घरी अंगणात सोडले जायचे नाही, आणि मग त्यांना दम लागतो म्हणून ‘यांना जमत नाही’ असा शिक्का बसायचा. कारण आणि परिणाम यांची अशी उलटापालट वैद्यकशास्त्रात फार वेळा होते. प्लॅस्टरमध्ये सहा आठवडे असलेला पाय बारीक होतो, तेव्हा आपण ‘हा पाय मुळातच कमजोर’ असे म्हणत नाही. या मुलांच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच म्हणत होतो.

पुढे हेडन युनिस यांच्या कामात सामील झाले.

शिकागो, २० जुलै १९६८

त्याच सुमारास शिकागोच्या उद्यान विभागात ॲन मॅकग्लोन नावाची एक तरुण व्यायामशिक्षिका अशा मुलांना शिकवत होती. (लग्नानंतर त्या ॲन बर्क झाल्या, कायदा शिकल्या आणि पुढे इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या.) शहरातल्या सगळ्या विशेष मुलांच्या धावण्याच्या शर्यती घ्याव्यात अशी कल्पना त्यांनी मांडली आणि मदतीसाठी युनिस यांच्याकडे प्रस्ताव पाठवला. युनिस म्हणाल्या, एका शहरापुरते कशाला?

२० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर पहिले ‘स्पेशल ऑलिंपिक्स’ झाले. अमेरिकेतल्या २६ राज्यांतून आणि कॅनडातून मिळून सुमारे १००० खेळाडू आले होते. त्याच्या दीडच महिना आधी युनिस यांचा भाऊ रॉबर्ट केनेडी याची हत्या झाली होती. तरीही त्या आल्या आणि उद्घाटनाचे भाषण केले. हजारो माणसे मावतील असे ते प्रचंड मैदान, पण प्रेक्षकांच्या बाकांवर जवळजवळ कुणीच नव्हते. वर्तमानपत्रांना त्यात फारसे काही दिसले नाही.

खेळाडूंनी त्या दिवशी एक शपथ घेतली, ती आजही घेतली जाते. तिचा आशय असा की मला जिंकायचे आहे, पण जिंकता आले नाही तरी माझ्या प्रयत्नात शौर्य असू दे. यातला पहिला भाग आपण अनेकदा विसरतो. जिंकायचे आहे, हे आधी येते.

स्पर्धा खरी असायला हवी

“पण डॉक्टर, कुणी जोरात पळतो, कुणाला चालताही नीट येत नाही. यांची स्पर्धा लावायची कशी?” हा प्रश्न मला अनेक पालक विचारतात. त्याचे उत्तर या स्पर्धांच्या नियमांत आहे.

आधी प्राथमिक फेरी होते. त्यातल्या वेळेनुसार किंवा अंतरानुसार खेळाडूंचे गट पाडतात. वय, स्त्री-पुरुष आणि क्षमता या तीन गोष्टी पाहतात. एका गटात ३ ते ८ खेळाडू असतात आणि त्यांच्या कामगिरीतला फरक शक्यतो १५ टक्क्यांच्या आत ठेवतात. समजा एक मुलगा १०० मीटर २० सेकंदांत धावला, तर त्याच्या गटात साधारण २३ सेकंदांपर्यंतचेच असतील. ४० सेकंद लागणारा मुलगा ४० च्या आसपासच्या मुलांबरोबर धावेल. त्यामुळे प्रत्येक शर्यतीचा निकाल शेवटच्या काही पावलांपर्यंत उघडा राहतो. पहिल्या तिघांना पदके आणि पुढच्यांना क्रमांकाच्या फिती मिळतात.

कुणी प्राथमिक फेरीत मुद्दाम हळू धावून सोप्या गटात शिरले आणि अंतिम फेरीत भरधाव सुटले, तर बाद होण्याचीही तरतूद आहे. आणि वरच्या पातळीवरच्या स्पर्धेसाठी निवड करताना फक्त सर्वांत वेगवान मुलांना पाठवत नाहीत. सगळ्या गटांतल्या विजेत्यांना पात्र धरून त्यांतून चिठ्ठ्या टाकतात. म्हणजे ४० सेकंदांवाल्यालाही परदेशात जाण्याची तेवढीच संधी.

या पद्धतीवर टीकाही झाली आणि त्यातली काही योग्य होती. सुरुवातीच्या काळात शर्यत संपते त्या रेषेवर खेळाडूंना मिठी मारायला स्वयंसेवक उभे असत. पंचविशीतल्या तरुणाला अनोळखी माणसाने लहान बाळासारखे कवटाळायचे, यात कौतुक कमी आणि कीव जास्त, असे लोक म्हणू लागले. दुसरा आक्षेप असा की वेगळ्या स्पर्धा भरवून आपण या मुलांना पुन्हा वेगळेच पाडतो. त्यावर १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘युनिफाइड स्पोर्ट्स’ म्हणजे एकत्र खेळ सुरू झाले. एकाच संघात अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकत्र खेळतात. माझ्या मते शाळांनी उचलावी अशी ही सर्वांत सोपी गोष्ट आहे.

१९८८ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या चळवळीला अधिकृत मान्यता दिली. २००३ साली उन्हाळी जागतिक स्पर्धा पहिल्यांदाच अमेरिकेबाहेर, आयर्लंडमधल्या डब्लिनला झाल्या. आपल्या देशात स्पेशल ऑलिंपिक्स भारत ही संस्था २००१ साली नोंदली गेली. २०२३ च्या बर्लिन स्पर्धेत भारतीय खेळाडूंनी ७६ सुवर्णांसह २०२ पदके आणली. गट पाडण्याची पद्धत पाहता या आकड्याची तुलना नेहमीच्या ऑलिंपिकशी करू नका. पण त्यातल्या प्रत्येक पदकामागे रोज सकाळी कुणाला तरी मैदानावर घेऊन जाणारे एक घर आहे, हे विसरू नका.

सिडनीचा डाग

बौद्धिक दिव्यांगांसाठी दुसरीही एक वाट आहे, ती पॅरालिंपिकची. तिथे गट पाडून सगळ्यांना संधी असा प्रकार नाही. तिथे जगातला सर्वांत वेगवान कोण, एवढाच प्रश्न. १९९६ च्या अटलांटा पॅरालिंपिकपासून या खेळाडूंना तिथे जागा मिळू लागली होती. आणि मग आले २००० सालचे सिडनी.

बौद्धिक दिव्यांगांच्या बास्केटबॉलमध्ये स्पेनने रशियाला ८७–६३ असे हरवून सुवर्णपदक घेतले. काही आठवड्यांतच त्या संघातल्याच कार्लोस रिबागोर्दा या खेळाडूने, जो मुळात पत्रकार होता, सगळे उघड केले. संघातल्या १२ पैकी १० जणांना कोणतीही बौद्धिक अक्षमता नव्हती! त्याच्या सांगण्यानुसार त्याची तपासणी काय झाली, तर सहा जोर काढायला लावले आणि रक्तदाब मोजला. बुद्धीची चाचणी कुणी घेतलीच नाही. स्पेनच्या संबंधित महासंघाच्या प्रमुखांना राजीनामा द्यावा लागला आणि २०१३ साली न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून दंड केला.

पदके परत घेतली गेली. पण खरी शिक्षा कुणाला झाली? २००१ साली पॅरालिंपिक समितीने बौद्धिक दिव्यांगांच्या सगळ्याच स्पर्धा स्थगित केल्या, कारण अक्षमता खरी की खोटी हे तपासण्याची भरवशाची पद्धत नव्हती. त्या स्पॅनिश संघात दोन खेळाडू खरोखर बौद्धिक दिव्यांग होते. त्यांचेही पदक गेले. अथेन्स २००४ आणि बीजिंग २००८, या दोन्ही ठिकाणी पदकांच्या स्पर्धांत जगभरातल्या या खेळाडूंना स्थान नव्हते. खेळाडूच्या आयुष्यातली आठ-दहा वर्षे म्हणजे जवळजवळ सगळीच कारकीर्द. बास्केटबॉल तर पॅरालिंपिकमध्ये आजतागायत परत आलेले नाही.

२००९ साली बंदी उठवायचे ठरले आणि २०१२ च्या लंडन स्पर्धेत धावणे-फेकणे-उडी, पोहणे आणि टेबल टेनिस या तीन खेळांत हे खेळाडू परतले. मधल्या काळात शास्त्रज्ञांनी एक महत्त्वाचा प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला. पाय धडधाकट असतील तर बुद्धीच्या कमतरतेने धावण्यात नेमके काय अडते?

१५०० मीटरच्या शर्यतीचा विचार करा. सुरुवातीला किती जोर लावायचा, किती राखून ठेवायचा, समोरचा अचानक पुढे गेला तर त्याच्या मागे जायचे की थांबायचे, हे सगळे निर्णय डोके घेते. याला वेग राखण्याचे गणित म्हणा. बौद्धिक अक्षमतेत हेच गणित अवघड जाते. टेबल टेनिसमध्ये समोरच्याची सर्व्हिस ओळखून डाव बदलणे अवघड जाते. आता बुद्ध्यंकाच्या आणि रोजच्या वागण्याच्या कागदपत्रांसोबत प्रतिक्रियेचा वेग, स्मरण, नियोजन यांच्या चाचण्या घेतात आणि प्रत्यक्ष खेळतानाही निरीक्षण करतात. नुसते जोर काढून आता भागत नाही.

वरंगळची दीप्ती

या बदललेल्या वाटेवरून २०२४ साली पॅरिसला आपल्या शेजारच्या तेलंगणातली एक मुलगी पोहोचली. वरंगळ जिल्ह्यातल्या कल्लेडा गावची दीप्ती जीवनजी. घरची गरिबी, आईवडील मजुरी करणारे. लहानपणी तिच्या दिसण्यावरून आणि वागण्यावरून गावातले लोक टोमणे मारत. शाळेच्या मैदानावर तिचे पळणे लक्षात आले आणि ती प्रशिक्षकांच्या हाती लागली. त्याच वर्षी मे महिन्यात जपानमधल्या कोबे इथे तिने ४०० मीटर ५५.०७ सेकंदांत धावून तिच्या गटाचा जागतिक विक्रम केला. पॅरिसमध्ये ५५.८२ सेकंदांत कांस्यपदक मिळवले. पॅरालिंपिकमध्ये पदक मिळवणारी ती पहिली बौद्धिक दिव्यांग भारतीय खेळाडू.

आपल्यापैकी बहुतेकांना ४०० मीटर ५५ सेकंदांत कधीच जमणार नाही. तेव्हा ‘बिचारी’ हा शब्द इथे कुणासाठी वापरायचा, ते तुम्हीच ठरवा.

डॉक्टरांनी शिकलेले धडे

स्पर्धांमुळे आम्हा डॉक्टरांचे डोळे आणखी एका बाबतीत उघडले. १९९७ पासून स्पेशल ऑलिंपिक्समध्ये खेळाडूंची मोफत आरोग्य तपासणी होऊ लागली. दात, डोळे, कान, पाय, हाडे असे सगळे तपासतात. असे दिसले की किडलेले दात, मळाने बंद झालेले कान, चुकीच्या नंबरचा चष्मा, चुकीच्या मापाचे बूट घेऊन ही मुले खेळत होती. त्यांना सांगता येत नव्हते आणि आम्ही विचारत नव्हतो. मूल ऐकत नाही, हट्टी आहे असे म्हणण्यापूर्वी त्याला ऐकू येते का ते बघावे, हा धडा फार साधा आहे.

दुसरा धडा मानेचा. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो. साधारण १५ टक्के लोकांत एक्स-रेवर तसे दिसते, पण मज्जारज्जूवर दाब येऊन त्रास होणारे १ ते २ टक्केच. १९८३ साली स्पेशल ऑलिंपिक्सने डाउन सिंड्रोम असलेल्या खेळाडूंना मानेचा एक्स-रे सक्तीचा केला. पुढे लक्षात आले की एक्स-रे नॉर्मल असूनही पुढे त्रास होऊ शकतो आणि एक्स-रे बिघडलेला असूनही बहुतेकांना काहीच होत नाही. आता भर लक्षणांवर आणि नीट तपासणीवर आहे. काळजी घ्यायची, पण भीतीपोटी सगळेच बंद करायचे नाही, असा हा तोल आहे.

तुमच्या मुलाला मैदानावर नेण्यापूर्वी

इतिहासातून हाती येते ते असे:

• हृदय: डाउन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांत जन्मतः हृदयदोष असतो. पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल तरी एकदा इको करून हृदयरोगतज्ज्ञांचे मत घ्या. बहुतेक वेळा खेळायला परवानगी मिळते.

• मान: मान दुखणे किंवा वाकडी होणे, चालण्यात अचानक फरक, हातापायांत अशक्तपणा, नव्याने कपड्यांत लघवी-शौच होऊ लागणे, यांपैकी काही दिसले तर खेळ थांबवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. पाण्यात सूर मारणे, कोलांटउड्या, डोक्याने फुटबॉल मारणे यांसारख्या खेळांआधी मानेविषयी आवर्जून विचारा.

• फिट्स: फिट्स येत असतील तर औषध चुकवू नका. पोहताना हाताच्या अंतरावर जाणता माणूस हवाच.

• थायरॉइड, डोळे, कान, दात: वर्षातून एकदा तपासून घ्या. न सांगता येणारे दुखणे अनेकदा इथेच असते.

• औषधे: वागणुकीसाठी दिलेल्या काही औषधांनी वजन वाढते, काहींनी उन्हाचा त्रास लवकर होतो. ती मनाने बंद करू नका, खेळ सुरू करताना डॉक्टरांना सांगा.

• किती खेळायचे: मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे आणि मोठ्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे, हे सर्वांसाठीचे माप दिव्यांगांनाही लागू आहे. दहा मिनिटांपासून सुरुवात करा.

• वय: स्पेशल ऑलिंपिक्समध्ये ८ व्या वर्षापासून स्पर्धा खेळता येते. त्याआधी २ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी खेळांचा वेगळा कार्यक्रम असतो. वरची वयोमर्यादा नाही.

आणि शाळा किंवा क्लब ‘अशा मुलांना घेत नाही’ म्हणाला, तर एवढे लक्षात ठेवा की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले कलम ३० खेळातल्या सहभागाविषयीच आहे. तुम्ही मेहरबानी मागत नाही आहात.

तो पांढऱ्या बुटांचा मुलगा

दोन वर्षांनी तो मुलगा पुन्हा माझ्याकडे आला. खोकल्यासाठी. वजन १४ किलोंनी वाढले होते, रक्तातली साखर काठावर आली होती आणि जिना चढताना त्याला धाप लागत होती. म्हणजे मी ज्या धोक्यापासून त्याला वाचवले होते, त्यापेक्षा मोठा धोका मीच त्याच्या हातात दिला होता. पूर्वी मला अशा मुलांची धाप ‘त्यांच्या आजारातलीच’ वाटायची. या वेळी नाही वाटली.

इको करून घेतला. तो अगदी समाधानकारक होता. तो दोन वर्षांपूर्वीही तसाच आला असता, फक्त मी सांगायला हवे होते. मान तपासली, थायरॉइडची गोळी सुरू केली आणि आईंना म्हणालो, “ताई, त्या वेळी माझं चुकलं. फॉर्म आणा, मी सही करतो.”

धावायला आता त्याला जड जात होते. म्हणून शाळेतल्या सरांनी त्याला बोची खेळायला लावले. लहान चेंडूच्या शक्य तितक्या जवळ आपला मोठा चेंडू घरंगळत न्यायचा, असा हा खेळ. सोबत रोज मैदानाच्या फेऱ्या. पुढच्या वर्षीच्या जिल्हा स्पर्धेत तो त्याच्या गटात चौथा आला. त्याला फीत मिळाली, पदक नाही. आई सांगत होत्या की तो घरी येईपर्यंत कुणाशी बोलला नाही. जेवलाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मात्र स्वतः उठून बूट घालून दारात उभा होता.

“त्याला काय कळणार आहे, पहिला कोण आला ते!” असे मी म्हणालो होतो. त्याला कळत होते. चौथा येणे काय असते, हेही कळत होते.

तुमच्या घरात, शेजारात, वर्गात असे कुणी असेल तर त्याला या रविवारी मैदानावर घेऊन जा. आणि फॉर्मवर सही करायला टाळाटाळ करणारा माझ्यासारखा डॉक्टर भेटला, तर त्याला शांतपणे एकच प्रश्न विचारा: “डॉक्टर, खेळण्यात धोका किती आणि न खेळण्यात किती?”